रजियाचाचीच्या वाटणीचा सिनेमा

मध्यंतराचे दिवे लागले आणि आई उठली. पदर सारखा केला, पिशवी खांद्याला अडकवली आणि शेजारच्या मुलीचे पाय ओलांडून पायऱ्यांकडे निघालीसुद्धा.

"आई, अगं अर्धाच झालाय."

"माहीत हाय मले. माझा झाला."

मी तिच्या मागोमाग बाहेर आले. सिंहगड रस्त्यावरचं ते नवं मल्टिप्लेक्स. सकाळचा खेळ असल्यामुळे गर्दी नव्हती. गालिच्यावरून चालताना पावलांचा आवाज येत नव्हता आणि सगळीकडे लोण्यात परतलेल्या मक्याचा वास होता. काचेच्या भिंतीपाशी एक बाक होता, त्यावर आई बसली. खाली सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "थे होडीवाली कोण हाय, तुले माहीत हाय न?"

"आहे."

"सांगू नोको."

मी सांगितलं नाही. आमच्यात हे गेली कित्येक वर्षं असंच चालत आलं आहे.

मला रिमेक बघायचं वेड आहे. ऑफिसात माझ्या शेजारी शनिवार पेठेतली मृण्मयी बसते. तिच्या मते हे वेड नाही, आजार आहे. "मूळ पिक्चर आहे ना तुझ्या फोनमध्ये? मग कालची भाजी गरम करून खायला एवढ्या लांब कशाला जायचं?" असं ती मान वर न करता विचारते. तिचं अगदीच चुकीचं नाही. गेल्या काही वर्षांतले बरेच रिमेक मी बघितले, आणि खटकणाऱ्या गोष्टी मलाही दिसतात. दक्षिणेतली गोष्ट उत्तरेत आणतात, पण माणसं तिथलीच वाटत राहतात. खेड्यातल्या भिंतींना कालच रंग दिलेला असतो. जिथे जुन्या सिनेमात एक बाई नुसती उंबऱ्यावर बसून राहायची, तिथे आता ड्रोन वर जातो आणि सगळा डोंगर दाखवतो. बाई मात्र मुंगीएवढी होते. जुनं गाणं घेतात आणि त्याखाली इतका ढोल बडवतात, की गाण्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

आणि तरीही दिवे मालवले की माझ्या अंगावर काटा येतो. कुणीतरी एक गोष्ट बघितली, ती त्याच्या मनातून जाईना, म्हणून त्याने ती पुन्हा सांगायला घेतली. सांगताना काही विसरला, काही पदरचं घातलं, एखाद्या ठिकाणी त्याला राहवलं नाही म्हणून बदललं. हे मला फार मोठं वाटतं. कारण सिनेमा ही वस्तू मला पहिल्यांदा भेटली ती अशीच, कुणाच्या तरी तोंडून.

आमचं गाव वाशीमकडचं. जिनिंग फॅक्टरीच्या मागे कामगारांच्या खोल्यांची एक लाइन होती. तिथली आमची खोली आणि रजियाचाचीची खोली यांत एकच भिंत. कापसाचा हंगाम सुरू झाला की हवेत तंतू तरंगायचे, केसांत बसायचे, वाळत टाकलेल्या कपड्यांवर बसायचे. सरकीचा तेलकट वास दिवाळीपासून होळीपर्यंत जायचा नाही. गावात एकच टॉकीज होती. खेळाच्या आधी तिच्या भोंग्यावर आरती लागायची, मग दोन गाणी, आणि तिसरं गाणं लागलं की समजायचं, तिकीट सुरू झालं.

आई आणि रजियाचाची, दोघींना सिनेमाचं तेवढंच वेड. पण दोघींनी एकदम जायची सोय नव्हती. घरी मी होते, चाचीची नजमा होती, आणि साडेचारला नळ यायचा. नळ चुकला तर दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी नाही. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. तीनच्या खेळाला आई आत जायची. मध्यंतरात बाहेर येणाऱ्याला डोअरकीपर शिक्का मारलेली एक गुलाबी चिठ्ठी द्यायचा, परत आत यायला. ती चिठ्ठी घेऊन आई फाटकाशी यायची. आम्हा दोघी पोरींना घेऊन चाची तिथे उभी असायची. आई चिठ्ठी तिच्या हातात द्यायची, आम्हाला ताब्यात घ्यायची आणि नळावर पळायची. उरलेला सिनेमा चाचीचा.

डोअरकीपर पिकल्या मिशांचा माणूस होता. त्याला सगळं ठाऊक होतं. चिठ्ठी हातात घेऊन तो चाचीला विचारायचा, "काय हो बाई, बाहेर गेल्या तवा लुगडं होतं. बुरखा कवा झाला?"

"थंडी वाजली," चाची म्हणायची आणि आत शिरायची.

फाटकापाशी दोघींना जेमतेम दोन मिनिटं मिळायची. त्या दोन मिनिटांत आईने चाचीला अर्धा सिनेमा द्यायचा. आई भरभर सांगायची, "पिवळ्या साडीची चांगली हाय. मिशीवाला खोटा हाय. म्हातारीले सगळं मालूम हाय पण बोलत नायी. जाय लवकर." एवढ्यावर चाची अंधारात जाऊन बसायची. आणि चाची आत जाताना ते जाड दार क्षणभर उघडायचं, तेव्हा आतून एक गार, विडीच्या धुराचा, भिजवलेल्या वाळ्याच्या पडद्यांचा वास यायचा, आणि कुणाचा तरी खूप मोठा आवाज. मग दार लागायचं. मी आणि नजमा तिथेच थिजून उभ्या राहायचो. माझं लहानपणीचं सगळं सिनेमा बघणं त्या दाराच्या फटीएवढं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइनीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमायच्या. उन्हाळ्यात शेवया वळायला, हिवाळ्यात तुरी निवडायला. आई मध्यंतरापर्यंत सांगायची. मग गप्प बसायची, आणि रजियाचाची पुढचं उचलायची. आईही तेव्हा इतरांसारखीच हातातलं काम थांबवून ऐकायची, कारण तिलाही पुढचं माहीत नसायचं.

एकदा मात्र घोटाळा झाला. नायकाची दोन रूपं होती, दोघे जुळे भाऊ, आणि घाईत आई ते सांगायलाच विसरली. दुसऱ्या दिवशी चाची संतापून सांगत होती, "इतका बदमाश माणूस म्या पाहिला नायी! एका मिनिटात शेतात, दुसऱ्या मिनिटात बंगल्यात! इकडे एका बाईले माय म्हणते, तिकडे दुसरीले. आणि पोलीस त्यालेच शोधत त्याच्याच घरी जेवून रायले!"

आईने कपाळावर हात मारला. "अवं, दोघं हायेत थे!"

"दोघं? मंग म्या तीन तास त्याले शिव्या कायले देल्या?"

"दीड तास," आई म्हणाली. ओट्यावर बायका इतक्या हसल्या की शेवया तुटल्या.

रमजानात चाची टॉकीजला जायची नाही, म्हणून आईही जायची नाही. नवरात्रात आईचे उपास, म्हणून चाची जायची नाही. त्या दिवसांत तिसरं गाणं लागलं की दोघी आपापल्या दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि संपलं की आत जायच्या.

पाचवीत बाईंनी 'मी पाहिलेला चित्रपट' असा निबंध दिला. मी एकही पाहिलेला नव्हता. मी ऐकलेला लिहिला, आईचा अर्धा आणि चाचीचा अर्धा. बाईंनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला आणि शाळेच्या कपाटाची किल्ली माझ्या हाती दिली, हवं ते पुस्तक घरी ने म्हणाल्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसून मी मनातल्या मनात ज्यांचे आभार मानले, त्यांत लिहिता न येणारी रजियाचाचीही होती. पण हे तिला कळवायचं कुठे, ते मला माहीत नव्हतं.

कारण फॅक्टरीचा भोंगा बंद झाला त्या वर्षी चाची गाव सोडून गेली. तो शेवटचा सिनेमा दोघी बहिणींचा होता. जत्रेत धाकटी हरवते. मोठी तिला गावोगाव शोधते. वर्षं जातात, आणि एका संध्याकाळी मोठी एका घाटावर येते, होडीत बसते. होडी वल्हवणारी बाई पाठमोरी असते. ती मान वळवते, आणि मध्यंतर. फाटकाशी आईने हे सांगितलं, चिठ्ठी दिली आणि आम्ही नळावर गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनीसमोर ट्रक उभा होता. चाचीचं सामान चढत होतं. ट्रंक, गाद्या, पितळी पातेली, नजमाचं दप्तर. दोघींच्या हातांत इतकी कामं होती की उरलेला सिनेमा सांगायचा राहिला. ट्रक हलल्यावर चाचीने वरून ओरडून सांगितलं, "कमलताई, पुढचं सांगायचं हाय माझ्याकडे!"

आणि आईने ते धरून ठेवलं.

तो सिनेमा नंतर टीव्हीवर कितीदा तरी लागला. होडी आली की आई बटण दाबायची. बाबा चिडायचे. आई म्हणायची, "थे रजियाचं हाय. तिच्याच तोंडून ऐकीन." कॉलेजला पुण्यात आल्यावर मी तो वसतिगृहात मैत्रिणीच्या संगणकावर पूर्ण बघितला. मध्यंतराच्या पुढे बसून राहताना दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं होतं. शेवट मला कळला. तो मी आईला कधी सांगितला नाही, तिने सांगू दिला नाही.

बाबा गेल्यावर आई धायरीला माझ्याकडे राहायला आली. आणि आता त्याच सिनेमाचा रिमेक आला. मला वाटलं, ही नवी गोष्ट आहे, नटनट्या नव्या आहेत, हिच्यावर रजियाचाचीचा हक्क नाही. म्हणून मी आईला घेऊन गेले होते. पण तिने होडी बघितली आणि ती उठली.

त्या बाकावर बसल्या बसल्या मला एक गोष्ट सुचली, आणि इतकी वर्षं ती सुचली नव्हती याची लाज वाटली. पडद्यावरच्या धाकटीला आजच्या काळात हरवायचं म्हणून नव्या दिग्दर्शकाला केवढा खटाटोप करावा लागला होता! पूर आणला, टॉवर पाडला, नोंदी वाहून नेल्या. आता माणूस हरवणं सोपं नाही. मी तिथूनच आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, 'लाइनीतली नजमा कुठे असते, कुणाला माहीत आहे का?' सिनेमा सुटायच्या आत नंबर आला. नजमा पुण्यात होती. येरवड्याला. अकरा वर्षांपासून. चाची तिच्याजवळच.

मी आईला सांगितलं. ती खालच्या सिग्नलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इथंच होती?"

रविवारी आम्ही येरवड्याला गेलो. आईने नेसायला पिवळी साडी काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. नजमाने दार उघडलं आणि मला बघून नुसतीच हसत राहिली. आम्ही दोघी एकदम जाड झालो होतो. आत खिडकीजवळ पलंगावर चाची बसली होती. खूप लहान झालेली. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे नेले होते. उजेड आणि अंधार, एवढंच तिला कळतं, असं नजमा हळूच म्हणाली.

आई सरळ तिच्यासमोर जाऊन बसली. कशी आहेस नाही, ओळखलंस का नाही. तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मंग? ओळखलं का तिनं?"

चाचीने आईच्या मनगटावर, बांगड्यांवर, कोपरापर्यंत हात फिरवला. "कमलताई," ती म्हणाली. मग एकेक शब्द मोजून म्हणाली, "मोठी पिवळ्या साडीत. होडीवाली धाकटी असंल, पक्कं नायी. जाय लवकर. असं म्हटलं होतं तू."

तीस वर्षांपूर्वी फाटकावर बोललेलं ते वाक्य. मी नजमाचा हात घट्ट धरला.

"हाव. मंग पुढं?"

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"म्या पाहिलंच नायी," चाची म्हणाली. "आत जाऊन बसली, आणि रडली. दुसऱ्या दिवशी जायचं होतं. घरी रडता येत नव्हतं, तुह्यासमोर रडता येत नव्हतं. अंधार होता तिथं. दीड तास बुरख्यात तोंड घालून रडली. दिवे लागले तवा उठली. ट्रकवरून खोटं बोलली म्या. वाटलं, तेवढं बाकी रायलं तर भेटणं होईल."

आई तिच्याकडे बघत होती. तीस वर्षं जे जपून ठेवलं, ते चाचीकडे कधी नव्हतंच. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा रागावेल. आई चाचीच्या जवळ सरकून बसली आणि म्हणाली, "चाल मंग. आपण दोघी जाऊ."

"मले दिसत नायी, कमलताई."

"मले दिसते न. मी सांगीन तुले."

पुढच्या मंगळवारी दुपारच्या खेळाला आम्ही चौघी गेलो. दोघी पुढे, मी आणि नजमा त्यांच्या मागच्या रांगेत. दिवे मालवले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या दोघी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींच्या शेजारी बसून सिनेमा बघत होत्या. एवढ्या सिनेमांत एकदाही नाही. एकीची खुर्ची गरम असतानाच दुसरी तिच्यावर येऊन बसायची. ही गोष्ट मी लहानपणी कितीदा तरी बघितली होती आणि मला कधी दिसली नव्हती.

मध्यंतरापर्यंत चाचीने आईला बोलू दिलं नाही. "इथवरचं मले ठाऊक हाय," ती म्हणाली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मध्यंतरात कुणीच उठलं नाही. पुन्हा अंधार झाला तेव्हा आई तिच्या कानाशी वाकली. आईने उत्तरार्ध कधी सांगितला नव्हता. सुरुवातीला तिची धांदल होत होती.

"होडी हाय. पाणी हाय. थे पाहून रायली. मोठी बोलत नायी."

"धाकटी कशी दिसते?"

"तुह्यासारखी. हडकुळी."

पलीकडच्या खुर्चीतल्या एका मुलाने मान वळवून म्हटलं, "आजी, जरा हळू. आम्हालाही सस्पेन्स ठेवा की थोडा."

"पाय बाप्पा, पाय," आई त्याला म्हणाली, "तुले डोळे हायेत." तो मुलगा पुन्हा वळला नाही.

हळूहळू आईला सूर सापडला. ती पात्रांची नावं घेत नव्हती, मोठी आणि धाकटी एवढंच म्हणत होती. ड्रोन वर गेला तेव्हा ती म्हणाली, "आता देव वरून पाहून रायला." त्या ड्रोनबद्दल मी मृण्मयीपाशी काय काय बोलले होते, ते आठवून मी मान खाली घातली. नव्या सिनेमात धाकटी मोठीला ओळखते, पण सांगत नाही; नदीला पाणी चढतं, आणि शेवटी ती दुसऱ्यांची पोरं काढताना जाते. जुन्या सिनेमातही ती जातेच, फक्त आजाराने. शेवटी ती जाणार, हे मला माहीत होतं. आईला माहीत नव्हतं. ते प्रसंग जवळ येऊ लागले तशी मी पुढे सरकून बसले.

पडद्यावर पाणी चढलं. आई सांगत होती, "पोरं काढून रायली. एक काढलं. दोन काढले. आता—"

ती थांबली. पडद्यावर उलटी झालेली होडी होती. मोठीने किंकाळी फोडली.

"काय झालं?" चाचीने विचारलं. "कमलताई, ओळखलं का तिनं?"

आईने उत्तर द्यायला एखादा श्वास घेतला असेल, तेवढाच वेळ घेतला.

"ओळखलं," ती म्हणाली. "हात धरला तिनं. वर आली पाण्यातून. दोघी निघाल्या."

नजमा पुढे वाकली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती मागे टेकली.

सभागृहात व्हायोलिनं भरून आली होती. मागे कुणीतरी हुंदके देत होतं. चाची कान देऊन ऐकत होती. "मंग हे सगळे रडून कायले रायले?"

"खुशीनं. लोकायले खुशीत रडू येते."

"हाव?"

"हाव."

चाचीने मान हलवली. तिचा हात आईच्या हातात होता, आणि कुणी कुणाचा धरला होता ते मला मागून कळत नव्हतं. मी आजवर बघितलेल्या सगळ्या दिग्दर्शकांचे बदललेले शेवट मला आठवले आणि सगळे लहान वाटले. एक चौथी शिकलेली बाई अंधारात, पडद्याकडे बघत, क्षणाचीही उसंत न मिळता, दुसरा सिनेमा रचत होती.

"कुठं गेल्या?" चाचीने विचारलं.

"घरी."

पडद्यावर नदीकाठी चिता पेटली. ज्वाळा सगळ्या पडद्याला लागल्या. समोरच्या रांगा, खुर्च्यांच्या पाठी, त्या दोघींचे पांढरे केस, सगळं केशरी झालं. चाचीने मिटलेले डोळे उघडले आणि चेहरा उचलून समोर धरला.

"लय उजेड पडला वं," ती म्हणाली.

"हाव," आई म्हणाली. "चूल पेटवली तिनं. बहीण आली न घरी."